एकच्या पुढची ओल

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा," तेव्हा मी आधी हसून घेतलं. अनुभव लिहावेत पोलिसांनी, डॉक्टरांनी, फार तर एसटीच्या कंडक्टरने. मी सारी हयात नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवलं. माझ्या हातून ना कधी चोर सुटला, ना कधी पेशंट दगावला. पण संपादक चिवट निघाले. "संशोधन कशात केलंत?" मी एका दमात सांगून टाकलं, "अरेषीय अपूर्णांकी अवकल समीकरणांची श्रेणी-पद्धतीने मिळणारी अंदाजी उत्तरं." पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, "तेच लिहा. फक्त माझ्या आईला कळेल असं लिहा."

आता आईचं नाव काढलं म्हटल्यावर माघार घेणं शोभत नाही. शिवाय खरं सांगू का, मला हे सांगायची केव्हापासूनची खुमखुमी आहे! आमच्या घरात आजवर कुणी विचारलंच नाही. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले, तरी पाहुण्यांना अजून सांगतात, "ही कॉलेजात पाढे शिकवायची."

तर ऐका. माझे वडील शेवगावच्या बाजार समितीत मापाडी होते. कांद्याच्या गोणीचं वजन करणं हे त्यांचं काम. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून काटा बघायची. गोणी एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात आधी मोठं माप पडायचं. काटा हलायचा, पण पुरायचं नाही. मग त्याहून लहान, मग आणखी लहान, मग अगदी छटाकाएवढं. दर मापाबरोबर काट्याचं झुलणं कमी होत जायचं आणि एका क्षणी काटा सरळ उभा राहायचा. माझी सगळी पीएचडी ही एवढीच आहे. एखाद्या समीकरणाचं नेमकं उत्तर सापडत नाही, तेव्हा एक ढोबळ अंदाज टाकायचा. तो किती कमी पडला ते बघून त्यावर लहान दुरुस्ती टाकायची. मग दुरुस्तीची दुरुस्ती. अशी रांग लावत जायचं. त्या रांगेला आम्ही श्रेणी म्हणतो. मापं लहान लहान होत गेली तर समजायचं की गोणीचं वजन सापडलं.

आणि मापं मोठी मोठी होत गेली तर? छटाकानंतर किलो, किलोनंतर मण? तर काटा मोडतो. याच मोडक्या काट्याची गोष्ट मला सांगायची आहे.

त्याआधी 'अपूर्णांकी' म्हणजे काय ते सांगते, नाहीतर संपादकांच्या मातोश्री उठून जातील. साधं अवकल समीकरण हे बदलाच्या वेगाचं समीकरण असतं. पाणी किती वेगाने जिरतंय, चहा किती वेगाने निवतोय. त्याला फक्त आत्ताची स्थिती कळते, काल काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अपूर्णांकी समीकरणाची जातच निराळी. त्यात वेगाच्या जागी एक अधलीमधली राशी असते, आणि ती काढताना सुरुवातीपासूनचा सगळा इतिहास मोजावा लागतो. वर्गात मी सांगायची, "साधं समीकरण म्हणजे शेजारीण. आज हसलात की आज खूश. अपूर्णांकी समीकरण म्हणजे सासू. तुम्ही माप ओलांडून आलात त्या दिवशी काय केलंत, तेही हिशेबात धरते." पोरी खदखदून हसायच्या आणि परीक्षेत हेच जसंच्या तसं लिहायच्या. त्याला मार्क द्यावे की नाही, यावर आमच्या विभागात एकदा बैठकच झाली.

ही आठवण किती जुनी आणि किती घट्ट, ते एका अक्षरावर ठरतं. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा एक असेल तर समीकरण साधं, एकच्या खाली जाईल तसतशी आठवण घट्ट होत जाते. एकदा एका मोठ्या पुढाऱ्यांचे भाचे माझ्याकडे पीएचडी करायला आले. बोटांत अंगठ्या, बरोबर दोन माणसं, बाहेर गाडी चालूच. मी अर्धा तास समजावलं. शेवटी ते अदबीने म्हणाले, "मॅडम, अल्फा किती ठेवायचा ते तुमीच ठरवा. मामांचा काय आग्रह न्हाई." मी त्यांना राज्यशास्त्र विभागाची वाट दाखवली. तिथे त्यांचं भलं झालं असं ऐकते.

हे असले नमुने सोडले, तर माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी म्हणजे तासिका तत्त्वावर राबणारे, एसटीने ये-जा करणारे, पस्तिशी ओलांडलेले लोक. एस्तेर साळवे त्यांतलीच. ती नेवाशाची. माहेरचे सगळे शिक्षक, आजोबा मिशनच्या शाळेत होते. नवरा प्रकाश शेती करतो आणि टेम्पो चालवतो. एस्तेर एका ज्युनिअर कॉलेजात तासावर शिकवायची, म्हणजे सुट्टी लागली की पगार बंद. आवाज इतका हळू की मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "अगं, गणित कुजबुजून सांगायला ते काय गुपित आहे?" त्यावर ती फक्त हसली. मी आहे कढईतल्या मोहरीसारखी, तडतडणारी. ती निवांत. पाच-सहा वर्षं आमचं बरं जमलं.

तिचा विषय ती सासरच्या शेतातून घेऊन आली. मुळा कालव्याचं आवर्तन सुटलं की काळ्या जमिनीत पाणी कसं मुरतं. कोरडी जमीन आधी घटाघटा पिते, मग भरत येते तशी पिण्याची ओढ कमी होते. ही ओढ ओलीच्या वर्गाने कमी होते असं तिने धरलं, म्हणून समीकरण अरेषीय. आणि काळी माती सहजी काही विसरत नाही. कुठे भेग पडली, कुठे घट्ट बसली, हे सगळं तिच्या अंगात राहतं. म्हणून समीकरण अपूर्णांकी, अल्फा एकच्या जरा आत. पूर्ण भिजलेली जमीन म्हणजे ओल एक. मॉडेल ढोबळच होतं. पण मला ते फार आवडलं, कारण आमच्या धंद्यात बहुतेक समीकरणं कुठल्याच गावची नसतात. या समीकरणाला निदान सातबारा होता.

प्रबंध झाला, दोन्ही बाहेरच्या तज्ज्ञांनी पसंत केला, तोंडी परीक्षेची तारीख लागली. तिला आम्ही सगळे व्हायव्हाच म्हणतो. आणि नेमकी त्याच सुमारास तिच्या भागातल्या एका सीनिअर कॉलेजात गणिताची कायम जागा निघाली. वर्षानुवर्षं अशी जागा निघत नाही. अट एकच, मुलाखतीच्या दिवशी हातात पीएचडी पाहिजे. एस्तेरचं वय बघता पुढची जागा निघेपर्यंत ती वयोमर्यादेत बसली नसती. व्हायव्हाला परीक्षकांनी "दुरुस्त करून पुन्हा सादर करा" असा शेरा मारला की संपलं सगळं.

मी निर्धास्त होते. आणि व्हायव्हाच्या आधीच्या रविवारी एस्तेर चर्चमधून थेट माझ्या दारात. अंगावर चर्चची पांढरी साडी, काखेत लॅपटॉप, आणि चेहरा त्या साडीहून पांढरा.

"मॅडम, माझी जमीन उणे ओली झाली."

"काय झाली?"

तिने पडदा माझ्याकडे वळवला. इथे मला आमच्या जातभाईंचा एक रिवाज सांगायला हवा. श्रेणीचं उत्तर मिळालं की आम्ही अल्फा एक ठेवून ते जुन्या माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघतो. मग एक कोष्टक, मग तीन रंगांचा आलेख. आणि हा आलेख काढायचा शून्य ते एक. काळ शून्यापासून सुरू, काळ एकला बंद. का? तर सगळे एकलाच थांबतात म्हणून. असा नियम कुठल्या पुस्तकात नाही. पण मुंजीत जानवं कुठल्या खांद्यावर घालायचं हे जसं कुणी विचारत नाही, तसं हेही कुणी विचारत नाही. जगभर शेकडो निबंध असे एकच्या उंबऱ्यावर उभे आहेत.

एस्तेरचं 'एक' म्हणजे तिच्या शेतातला जेमतेम अर्धा दिवस. व्हायव्हाला घरची माणसं येणार, त्यांना काहीतरी ओळखीचं दिसावं म्हणून तिने शेवटच्या स्लाइडवर शेतात घेतलेली ओलीची मोजमापं टाकायचं ठरवलं. ती मोजमापं चार दिवसांची. म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा आलेख एकच्या पुढे नेला. दीडपर्यंत रेघ जरा थरथरली. दोनपाशी सरळ खाली कोसळली, शून्याच्या खाली, उणे पाचाच्याही खाली. पाणी सोडलेल्या रानात ओल उणे पाच! आणखी एक माप टाकलं, तर रेघ उलटी आभाळात. जमीन पूर्ण भिजली त्याच्या चौपट भिजली. छटाकानंतर किलो, किलोनंतर मण. काटा मोडला होता.

एखादीला यात भीती वाटली असती. एस्तेरला वाटलीच होती. मला मात्र, काय सांगू, अंगात वारं शिरलं! मी तिला पोहे खायला बसवलं आणि स्वतः कागद ओढला. "सोपं आहे गं! तुकडे करू. एकपर्यंत श्रेणी चालते ना? मग अर्ध्यापर्यंत जायचं, थांबायचं, तिथली ओल घ्यायची आणि तिथून नवी श्रेणी सुरू करायची. पुन्हा अर्धं, पुन्हा नवी." साध्या समीकरणांना हे औषध हमखास लागू पडतं. दुपारपर्यंत रेघ झाली की हो गुळगुळीत! ओल एकच्या खाली ठेवून डौलात वर चढणारी. मी टाळ्या वाजवल्या, आमच्या ह्यांना हाक मारून रेघ दाखवली. ते म्हणाले, "छान आहे," आणि पुन्हा पेपरात शिरले.

एस्तेर टाळ्या वाजवत नव्हती. ती शांतपणे तुकडे लहान करून बघत होती. मग आणखी लहान.

"मॅडम, तुकडे बदलले की उत्तर बदलतंय."

"म्हणजे?"

"तुकडे बारीक केले की जमीन लवकर भिजते. आणखी बारीक केले की आणखी लवकर."

हे तर भलतंच. म्हणजे कालव्यात पाणी कमी असलं तरी हरकत नाही, गणितवालीने कात्री बारीक चालवली की रान भिजलं! असं उत्तर घेऊन गेलो असतो तर पाटबंधारे खात्याने आमची आरती केली असती. मी कागदावर आकडे मांडत होते, एकीकडे बडबडत होते, आणि एस्तेर हातातली पोह्यांची बशी तशीच धरून खिडकीबाहेर बघत होती. एकदम ती हसायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला एवढ्या मोठ्यांदा हसताना पाहिलं नव्हतं.

"मॅडम, आपण दर तुकड्याला सासू नवी आणली!"

मी कपाळावर हात मारला. अगदी खरं! कोरडी जमीन पहिला घोट सगळ्यांत मोठा घेते. आम्ही दर तुकड्याच्या सुरुवातीला मागचा इतिहास पुसून टाकत होतो, आणि बिचारी जमीन दर वेळी समजत होती की आपण आत्ताच पाणी बघितलं. दर तुकड्याला नवा पहिला घोट. जितके तुकडे जास्त तितके पहिले घोट जास्त. जी आठवण आम्ही मोठ्या हौसेने समीकरणात घातली होती, तीच आम्ही कात्रीने कापून टाकली होती. ही चूक बाहेरच्या माणसाला करताच येणार नाही. त्यासाठी आधी आमच्याइतकं शिकावं लागतं.

मग तोडगा काय? तोडगा जुनाच होता, शंभर वर्षांहून जुना. पुस्तकात वाचलेला, कधी हातात न घेतलेला. मी तिला शाळेतलं उदाहरण दिलं. एक वजा क्ष, अधिक क्ष वर्ग, वजा क्ष घन, अशी रांग घ्या. क्षच्या जागी दोन ठेवा. एक, वजा दोन, अधिक चार, वजा आठ. रांग पिसाळते. पण हीच रांग म्हणजे खरं तर साधा भागाकार आहे, एक भागिले एक अधिक क्ष. तिथे दोन ठेवा, उत्तर एक तृतीयांश. शांत, शहाणं. म्हणजे दोष उत्तरात नसतो, रांगेत मांडण्यात असतो. मग आपल्या श्रेणीचाही भागाकार का करू नये? वर एक लहान रांग, खाली एक लहान रांग, आणि दोन्ही अशा निवडायच्या की सुरुवातीची सगळी मापं जशीच्या तशी जुळावीत. सुरुवात तीच, म्हणून आठवणही तीच. कात्री कुठेच नाही.

एस्तेरने भागाकार मांडला. माझ्या डायनिंग टेबलावर, पोह्यांची बशी बाजूला सारून. रेघ एकला पोहोचली. दोनला पोहोचली. कोसळली नाही. तीन. चार. पार आठ, म्हणजे शेतातले पुरे चार दिवस. वर चढत होती, पण थकल्यासारखी, सावकाश, पूर्ण ओलीच्या जवळ जाऊन तिला न शिवणारी. मग तिने शेतातले ठिपके टाकले. ठिपके रेघेला बिलगून बसले. सगळे नाही, दोन जरा बाजूला पडले, पण तिथे म्हणे एका उंदराने बीळ केलं होतं. मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. वडील आठवले. काटा सरळ उभा राहिला की ते हात वर करून ओरडायचे, "झालं!" मला त्यांना हे दाखवायचं होतं. तेवढं मात्र राहून गेलं.

मग खरा प्रश्न आला. हे व्हायव्हात दाखवायचं की नाही? प्रबंधात यातलं काही नव्हतं. प्रबंधातले सगळे आलेख एकला थांबलेले, आणि ते पसंत होऊन बसलेले. येणारे परीक्षक याच विषयातले मोठं नाव, कडक म्हणून प्रसिद्ध, आणि त्यांचे स्वतःचे सगळे आलेखही शून्य ते एक. त्यांनी काही विचारलंच नसतं. आणि दाखवलं, तर "मग हे प्रबंधात का नाही? घाला आणि पुन्हा पाठवा," एवढं म्हणायला त्यांना किती वेळ लागणार?

"राहू दे एस्तेर," मी म्हटलं. "आधी डिग्री घे, मुलाखत दे. मग हा स्वतंत्र निबंध लिहू." मी ते मनापासून म्हटलं होतं, आणि आजही मला तो सल्ला व्यवहाराला धरून वाटतो.

ती टेबलावरचे शेंगदाणे गोळा करत म्हणाली, "मॅडम, ते रान घरचं आहे. प्रकाश तिथे चार-चार दिवस पाण्याची दारं धरतो. तो पुढच्या रांगेत बसणार, आणि मी त्याला अर्ध्या दिवसाचं रान दाखवून खाली बसू?"

हळू आवाजातली माणसं एकदा ठरवतात तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

व्हायव्हाच्या दिवशी प्रकाशने टेम्पोत माणसं भरून आणली. शिंगणापूर फाट्यावर चहा, मग थेट आमच्या कॉलेजच्या सभागृहात. पाहुण्यांच्या जेवणासाठी घरची मासवडी, रस्सा, भाकऱ्या. एस्तेरच्या सासूबाई नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. व्हायव्हा खुला असतो, कुणीही येऊन बसू शकतं. पण गणिताच्या व्हायव्हाला एवढी माणसं कॉलेजने कधी पाहिली नव्हती. आमचे प्राचार्य दुसऱ्याच चिंतेत होते. कसलीशी समिती येणार म्हणून सभागृहाच्या भिंतींना नुकताच मलईरंग दिलेला, आणि ते सगळ्यांना सांगत होते, "टेकू नका, टेकू नका."

परीक्षक आले. उंच, कोरडे, घड्याळाकडे बघणारे. एस्तेर उभी राहिली, पहिली स्लाइड लागली आणि लाइट गेली.

इन्व्हर्टरवर दोन पंखे फिरले, पण प्रोजेक्टर काही लागेना. परीक्षक म्हणाले, "फळा आहे ना? खडू घ्या." एस्तेरने खडू घेतला. हाताच्या सवयीने तिने फळ्याच्या डाव्या टोकाला शून्य लिहिलं आणि उजव्या टोकाला, चौकटीला खेटून, एक. इतकी वर्षं ती असाच आलेख काढत आली होती. ती सांगत गेली. कालवा, माती, आठवण, श्रेणी. आवाज हळूच, पण सभागृह इतकं शांत की भाकरीच्या टोपल्यातलं फडकंही हललं असतं तर ऐकू आलं असतं. रेघ एकला पोहोचली. परीक्षकांनी मान डोलावली, पेनाचं टोपण काढलं. "ठीक आहे. समाधानकारक आहे."

"सर," एस्तेर म्हणाली, "अजून थोडं आहे."

ती फळ्याच्या उजव्या टोकाला उभी होती. एक संपला होता. फळाही संपला होता. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खडू चौकटीवरून पलीकडे नेला. मलईरंगाच्या भिंतीवर! प्राचार्यांच्या घशातून एक आवाज निघाला. तिने ती पिसाळलेली रेघ ओढली, दीडपाशी थरथरणारी, मग खाली, खाली, पार खुर्च्यांच्या पायांपर्यंत. "सर, माझी श्रेणी इथे जाते. म्हणजे ती एकच्या पुढे चुकीची आहे."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "तुकडे करून का नाही बघितलं?"

"बघितलं, सर. प्रत्येक तुकड्याला जमीन मागचं विसरते आणि नव्याने पहिला घोट घेते. आमच्या मॅडम शिकवतात की अपूर्णांकी समीकरण सासूसारखं असतं. सुरुवातीपासूनचं सगळं लक्षात ठेवतं. तुकडे केले तर दर वेळी सासू बदलते."

सभागृह खळखळून हसलं. सासूबाई दचकून इकडेतिकडे बघायला लागल्या. "म्या काय केलं आता?"

"तुमचं कौतुक चाललंय, आई," प्रकाश म्हणाला.

परीक्षक हसले नाहीत. एस्तेरने भिंतीवरच भागाकार मांडला, वरची रांग, खालची रांग. मग दुसरी रेघ सुरू केली. दोन. तीन. रेघ भिंतीवरून खिडकीखालून पुढे निघाली. पुढे नातेवाइकांच्या खुर्च्या भिंतीला लागून होत्या. प्रकाश उठला आणि एकेक खुर्ची ओढत सगळ्यांना म्हणाला, "सरका जरा, सरका. रान भिजतंय अजून."

माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, आणि रेघ त्यांच्यामधून वर वर, सावकाश जात राहिली. एस्तेर रंगीत खडूने शेतातले ठिपके टाकत चालली होती. प्रकाश प्रत्येक ठिपक्याकडे बघून मान हलवत होता. त्यातली प्रत्येक संध्याकाळ त्याने चिखलात उभं राहून काढलेली. शेवटी दाराची चौकट आली. खडू थांबला. आता भिंतही संपली होती.

मला ओरडावंसं वाटत होतं, "झालं!" पण मी कमिटीत होते.

"हे प्रबंधात आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग मला प्रबंध परत पाठवावा लागेल."

एस्तेरने फक्त हातातला खडू खाली ठेवला. सासूबाईंनी प्रकाशला विचारलं, "काय म्हनले रं?" आणि प्रकाशने मान खाली घातली.

परीक्षकांनी प्रबंध पुन्हा समोर ओढला. शीर्षक वाचलं, निष्कर्षाचं प्रकरण वाचलं, बोट ठेवून, ओळ न ओळ. पंखा फिरत होता. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "यात तिने दावा केलाय शून्य ते एकचाच. तेवढा बरोबर आहे. जे म्हटलं ते खरं आहे. जे म्हटलं नाही ते मी कसं परत पाठवू?" त्यांनी कागदावर सही केली. ती मला तिरकी दिसली, पण सही होती. मी वाकून शेरा वाचला. शिफारस बिनशर्त होती.

ते उठले. जाहीर करण्याआधी सगळ्यांना बाहेर बसवायची पद्धत असते, तीही ते विसरले. फळ्यापाशी गेले, तिथून भिंतीच्या कडेने, रेघेवर जवळजवळ नाक टेकवून, चालत निघाले. दोनपाशी थांबले. तीनपाशी थांबले. भागाकार बोटाने ताडून पाहिला. खिडकीखाली वाकले. माझ्याजवळून जाताना हलकेच म्हणाले, "माझे सगळे आलेख एकला थांबलेत हो, मॅडम." मग खुर्च्यांमधून वाट काढत ते दारापर्यंत पोहोचले. तिथे एस्तेर अंग चोरून उभी होती, साडीवर खडूची भुकटी. त्यांनी शेवटच्या ठिपक्याकडे पाहिलं, जिथे रेघ अजून वर चालली होती आणि भिंत संपली होती.

"डॉक्टर साळवे," ते म्हणाले, "ते दार उघडा. पुढे बघू."